पेठेची नवी रेषा

गेल्या महिन्यांत एका तालुक्याच्या गांवीं आमच्या स्नेह्यांच्या घरीं दोन दिवस राहण्याचा योग आला. वाडा जुना, तीन भावांचा, पण चूल अद्याप एकच. वडील बंधु शिक्षकाच्या नोकरींतून निवृत्त झालेले, मधले वकिली करणारे, आणि धाकटे पुण्यास नोकरी करून सणावारीं येणारे. त्यांच्या भगिनी, ज्यांना घरांतलीं मुलें आत्याबाई म्हणतात, त्याहि गेलीं वीस वर्षें याच वाड्यांत आहेत. दुसऱ्या दिवशीं सकाळीं मधल्या बंधूंनीं वर्तमानपत्राच्या आंतल्या पानावरील बारीक अक्षरांतली एक नोटीस मोठ्यानें वाचून दाखविली. गांवच्या मंजूर विकास योजनेंत फेरबदल करून, एस. टी. स्थानकापासून जुन्या वेशीपर्यंत रस्त्याच्या दोन्ही बाजूंची जागा रहिवास विभागांतून काढून वाणिज्य विभागांत घालण्याचें योजिलें आहे. ज्यांच्या हरकती अगर सूचना असतील त्यांनीं त्या एक महिन्याच्या आंत लेखी कळवाव्या, असा तिचा आशय होता. वाचन संपल्यावर थोडा वेळ कोणीच बोललें नाहीं. मग आत्याबाईंनीं विचारलें, “म्हणजे आपली ओटी आंत कीं बाहेर?”

या प्रश्नाचें उत्तर घरांतल्या एकाहि पदवीधरास देतां आलें नाहीं. नकाशा नगरपरिषदेच्या कचेरींत होता, आणि तो पाहण्यास कोणी गेलेलें नव्हतें. आपल्या सुशिक्षित कुटुंबांचें हें एक वैगुण्य आहे असें आम्हांस फार दिवसांपासून वाटत आलें आहे. जगाच्या राजकारणावर आपण पंगत उठेपर्यंत वाद घालूं; परंतु आपल्या दारावरून जाणारी रेषा कोणत्या रंगाची आहे याची चौकशी करणें आपल्याला दलालाचें काम वाटतें. दलाल मात्र ती चौकशी अगदीं वेळेवर करितो.

व्यापाराची जागा मुद्दाम नेमून देणें ही गोष्ट आपल्याकडे नवी आहे असें मात्र कोणीं समजूं नये. पेशवाईंत नवी पेठ वसवावयाची म्हणजे एखाद्या कर्त्या पुरुषास तिचें शेटेपण देत, आणि येऊन राहणाऱ्या उदमी लोकांस कांहीं वर्षें कर माफ असल्याचा कौल देत. पुण्याच्या कित्येक पेठा अशाच भरल्या, आणि जुनीं नांवें मागें पडून वारांचीं नांवें लोकांच्या तोंडीं बसलीं. परंतु दुकान एकीकडे आणि घर दुसरीकडे अशी वांटणी त्या व्यवस्थेंत नव्हती. सराफ खालीं पेढीवर बसे आणि माडीवर त्याचा संसार चाले. तांबटाची भट्टी परसांत आणि भांडीं ओटीवर. याचा त्रासहि होताच. तांबट आळींत राहिलेल्या माणसास शांतता म्हणजे काय हें निराळें सांगावें लागत असे.

गांवाचे रंगीत तुकडे पाडून, एका तुकड्यांत राहावें व दुसऱ्यांत विकावें, असा निर्बंध घालण्याची पद्धति पश्चिमेकडील आहे. न्यूयॉर्कनें १९१६ मध्यें सबंध शहरापुरता असा नियम केला. पण त्या पद्धतीची कायद्यापुढें खरी कसोटी लागली ती एका लहान गांवांत. क्लीव्हलंड शहरालगत यूक्लिड नांवाचें गांव आहे. १९२२ च्या नोव्हेंबरांत, वस्ती दहा हजारांच्या आंतच असतां, तेथील कारभाऱ्यांनीं गांवाचे वापराप्रमाणें सहा वर्ग पाडले. पहिल्यांत एकेका कुटुंबाचीं स्वतंत्र घरें, चौथ्यांत दुकानें, बँका व कचेऱ्या, सहाव्यांत कारखाने. अँब्लर रिअल्टी या कंपनीची तेथें ६८ एकर जमीन होती. कारखान्यांस विकली तर एकरीं दहा हजार डॉलर येतील, घरांसाठीं विकली तर अडीच हजार, असें तिचें म्हणणें होतें. खालच्या न्यायालयांत कंपनी जिंकली. परंतु २२ नोव्हेंबर १९२६ रोजीं अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानें सहा विरुद्ध तीन मतांनीं गांवाच्या बाजूनें निकाल दिला. न्यायमूर्ति सदरलंड यांनीं त्यांत दृष्टांत दिला तो डुकराचा: योग्य वस्तु भलत्या जागीं आली कीं उपद्रव होतो, जसें डुक्कर आपल्या आवारांत न राहतां दिवाणखान्यांत यावें.

डुक्कर आणि कातडीं कमावण्याचा कारखाना यांपुरता हा दृष्टांत आम्हांस पूर्ण मान्य आहे. पण तो किराणा दुकानास कसा लागू व्हावा? अमेरिकेंत मात्र तो लागू करण्यांत आला. पुढल्या तीस-चाळीस वर्षांत तेथें अशा वसाहती उठल्या कीं, जेथून दूध आणावयाचें तरी मोटार काढावी लागे. अखेर १९६१ मध्यें जेन जेकब्ज या लेखिकेनें तेथील मोठ्या शहरांविषयीं ग्रंथ लिहून बजावलें कीं, घरें, दुकानें, जुन्या आणि नव्या इमारती जेथें एकत्र नांदतात तोच रस्ता सुरक्षित राहतो, कारण त्यावर दिवसभर कोणाचें ना कोणाचें लक्ष असतें. आमच्या स्नेह्यांच्या घरीं हें कोणीं ग्रंथ लिहून सांगावयास नको. समोरचा वाणी रात्रीं नऊला दुकान बंद करितो, तोंवर त्यांच्या घरची मुलगी शिकवणीहून एकटी येते आणि तिची काळजी कोणी करीत नाहीं.

आपल्याकडे १९५४ च्या कायद्यानें प्रत्येक स्थानिक संस्थेवर सबंध गांवाची विकास योजना करण्याचें बंधन आलें, आणि त्या जागीं आलेला १९६६ चा महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना कायदा आज चालू आहे. योजना वीस वर्षांतून एकदां तरी सुधारून घ्यावी असें तो सांगतो. मध्यंतरीं लहानसा फेरबदल करावयाचा असेल तर नोटीस, महिनाभर हरकती, सुनावणी, आणि शेवटीं राज्य शासनाची मंजुरी, असा क्रम आहे. यांपैकीं सामान्य गृहस्थाच्या हातीं असलेला काळ काय तो त्या एका महिन्याचा. तो गेला कीं पुढें नुसती कुरकुर उरते.

दुपारीं आम्ही दोघां बंधूंबरोबर कचेरींत गेलों. कारकुनानें नकाशा सौजन्यानें उलगडून दाखविला. रहिवासाचा पिवळा रंग, वाणिज्याचा निळा. निळा पट्टा रस्त्यापासून ठराविक खोलीपर्यंत सरळ मोजपट्टीनें ओढलेला होता. कोणाचा वाडा कोठें संपतो याच्याशीं त्यास कांहीं कर्तव्य नव्हतें. आमच्या स्नेह्यांची ओटी, पडवी आणि पुढची खोली निळ्यांत. चौक, माजघर व देवघर पिवळ्यांत. याहून चमत्कारिक गोष्ट पुढें दिसली. पट्ट्याच्याहि पुढें, रस्त्याच्या बाजूस, आणखी एक बारीक रेषा होती, आणि ती ओटीच्या बरोबर मधून जात होती. ती रस्तारुंदीची. ती नव्या फेरबदलांतली नव्हती. मूळ योजनेंतच मंजूर झालेली होती, आणि इतकीं वर्षें घरांत कोणाला तिचा पत्ता नव्हता. अर्धी ओटी कागदोपत्रीं केव्हांच रस्त्यांत गेलेली, आणि तिच्यावर बसून मंडळी वर्तमानपत्र वाचीत होती!

रात्रीं जेवणें झाल्यावर जी चर्चा झाली ती सविस्तर देण्यासारखी आहे, कारण असल्या चर्चा येत्या कांहीं वर्षांत अनेक घरांतून व्हावयाच्या आहेत. वडील बंधूंचें म्हणणें, पुढची बाजू एखाद्या बँकेस भाड्यानें द्यावी. नातवंडांच्या शिक्षणाची सोय होईल. धाकट्यांनीं दूरध्वनीवरून सांगितलें कीं, भाडेंबिडें नको, भाव चढतांच वाडा विकसकास द्यावा आणि प्रत्येकानें आपापला फ्लॅट घ्यावा. वहिनींना चिंता मोटारसायकलींची आणि जनित्राच्या आवाजाची. मधल्या बंधूंनीं कायद्याची बाजू सांगितली, ती आम्ही वाचकांसाठीं मुद्दाम नोंदवितों: विभाग बदलला म्हणून कोणास दुकान काढावेंच लागत नाहीं, चालू राहता वापर तसाच चालतो. मात्र दुकान काढलें कीं घरपट्टीचा आणि विजेचा दर घरगुती राहत नाहीं, आणि भाड्याचा आंकडा ठरवितांना लोक हा खर्च विसरतात. रस्त्यांत जाणाऱ्या जागेचा मोबदला रोख किंवा चटईक्षेत्राच्या रूपानें मिळूं शकतो. तो मागावा मात्र लागतो.

आत्याबाई इतका वेळ सुपारी कातरीत बसल्या होत्या. मिळकत पत्रिकेवर नांवें तिघां भावांचीं आहेत, त्यांचें नाहीं. भाव चढण्याचा विषय निघाला तसा त्यांच्याकडे पाहण्याचें सर्वांनीं टाळलें, हें आमच्या लक्षांत आलें. हिंदु वारसा कायद्यांत २००५ सालीं दुरुस्ती होऊन वडिलोपार्जित मिळकतींत मुलीस मुलाइतकाच जन्मतः हक्क मिळाला, आणि त्यासाठीं वडील त्या वेळीं हयात असण्याची जरूरी नाहीं असें सर्वोच्च न्यायालयानें २०२० मध्यें स्पष्ट केलें. जोंवर वाडा नुसता राहण्याचा होता, तोंवर हा हक्क कोणीं बोलून दाखविला नाहीं व कोणीं नाकारलाहि नाहीं. नकाशावर निळा रंग चढला कीं हक्कसोडपत्राचा कागद पुढें येतो, आणि प्रेमानें पुढें येतो. आमचें स्पष्ट मत असें आहे कीं, ज्या घरांत ही रेषा येऊं घातली आहे त्या घरानें पत्रिकेवरील नांवें पुरीं करण्याचें काम आधीं उरकावें, भावाचा विचार मागाहून. एकदां आंकडा कानावर पडला म्हणजे न्यायबुद्धि शाबूत ठेवणें कठीण जातें. आम्ही स्वतः त्यास अपवाद ठरूं असें छातीठोकपणें सांगवत नाहीं.

फेरबदलास आमचा विरोध आहे काय? मुळींच नाहीं. ज्या गांवांत व्यापारास कायदेशीर जागा नाहीं, तेथें व्यापार थांबत नाहीं. तो बिनपरवाना चालतो, दुकानदारास कर्ज मिळण्यास अडचण पडते, आणि ज्याच्याजवळ भांडवल आहे तो गांवाबाहेरच्या हमरस्त्यावर जागा घेऊन बसतो. मग जुनी पेठ ओस पडूं लागते, आणि शिकलेला मुलगा पुण्यामुंबईस गेला म्हणून आपण हळहळतों. पेठ रस्त्यालगत वाढावी हें योग्यच. आमचा आक्षेप मोजपट्टीवर आहे. पॅट्रिक गेडीस, ज्यांनीं १९१५ च्या सुमारास मुंबई इलाख्यांतील कित्येक गांवें हिंडून पाहिलीं आणि पुढें १९१९ ते १९२४ मुंबई विद्यापीठांत समाजशास्त्र शिकविलें, ते सांगत असत कीं, आधीं पाहणी करावी, मग आराखडा. आणि शस्त्रक्रिया करावयाची तर जेवढ्यास तेवढी. गल्लींत कोण काय करतो हें एकदां पायीं फिरून पाहिलें असतें, तर निळा पट्टा वाड्याच्या पोटांतून गेला नसता.

वाड्याच्या मागल्या बोळांत एक शिंपी आहेत. वडिलांपासूनचें दुकान, एक यंत्र, एक मदतनीस. ते पट्ट्याबाहेर राहतात. आमच्या राज्याच्या नियमांत रहिवास विभागांतहि दवाखाना, शिकवणी, लहान किराणा, घरगुती उद्योग यांस रस्त्याची रुंदी व इतर अटी पाहून मुभा आहे, त्यामुळें त्यांच्यावर लगेच गदा येईल असें नाहीं. पण पुढच्या रस्त्यावर भाडीं चढलीं आणि मागल्या बोळांत परवानगीविषयीं संशय राहिला, तर असा मनुष्य दोहोंच्या मध्यें सांपडतो. हातगाडीवाल्यांचेंहि तसेंच. त्यांच्यासाठीं २०१४ चा फेरीवाल्यांचा कायदा आहे. तो पेठेच्या नकाशाबरोबरच वाचावयास हवा. वाहनें उभीं करण्याची जागा आणि माल उतरविण्याची वेळ, या गोष्टी तर इतक्या उघड आहेत कीं त्यांवर लिहिण्याचें कारण पडूं नये. तरी नोटिशींत त्यांचें नांव नाहीं.

निघण्यापूर्वीं मधल्या बंधूंनीं अर्जाचा मसुदा केला. पट्टा मोजपट्टीनें न ओढतां मिळकतीच्या हद्दीप्रमाणें ठरवावा; खालीं दुकान असलें तरी माडीवरील रहिवास कायम राहील असें नियमांत लिहून द्यावें; बोळांतील चालू धंद्यांची यादी करून त्यांस संरक्षण द्यावें; आणि रस्तारुंदीची रेषा प्रत्येक घरमालकास लेखी कळवावी. वडील बंधूंनीं सही केली, मधल्यांनीं केली, धाकट्यांनीं संमति कळविली. मग मधल्या बंधूंनीं कागद आत्याबाईंपुढें ठेवला. त्यांनीं चष्मा लावून तो अक्षर न् अक्षर वाचला, “ओटी” हा शब्द कोठें आला आहे तें विचारलें, आणि तो नाहीं असें कळल्यावर समासांत तो घालावयास लावून मग सही केली.

अर्ज कचेरींत देऊन आवक क्रमांकाचा शिक्का मारून घेतला आहे. शिक्का मारलेली प्रत आत्याबाईंनीं देवघराच्या फळीवर पंचांगांत घालून ठेविली आहे. सुनावणीची तारीख अद्याप आलेली नाहीं.