फुकटचा मुलूख

फुकट मिळालेल्या वस्तूविषयी आपल्या पांढरपेशा घरांत दोन मते असतात, आणि ती दोन्ही बहुधा एकाच माणसाची असतात. ‘फुकट ते पौष्टिक’ असे हसत हसत म्हणणारा गृहस्थच, दुकानदाराने साबणाबरोबर चमचा फुकट दिला की साबण उलटसुलट करून पाहतो. ही शंका शहाणपणाची आहे असे माझे मत आहे. परंतु गेली काही वर्षे आपल्या मुलांच्या हाती एक असा फुकटचा मुलूख आला आहे की तेथे ही जुनी परीक्षा चालत नाही. कारण येथे चमचा खरोखरच चांदीचा आहे.

मुलुखाचे नाव तेवात आणि खेळाचे नाव ‘गेन्शिन इम्पॅक्ट’. शांघायच्या ‘मिहोयो’ या कंपनीने तो २८ सप्टेंबर २०२० रोजी जगभर खुला केला. तीन विद्यापीठीय मित्रांनी काढलेली ही कंपनी. खेळाचे मूळ चिनी नाव ‘युआनशेन’. त्याच अक्षरांचा जपानी उच्चार ‘गेन्शिन’. संगणकावर, प्लेस्टेशनवर आणि मोबाइलवर तो खेळता येतो आणि उतरवून घ्यायला एक पैसाही पडत नाही.

व्हिडिओ गेम म्हणजे धावत्या मोटारी आणि फुटणारी डोकी अशी ज्यांची समजूत असेल, त्यांनी एकदा मुलाच्या खांद्यावरून पाहावे. या मुलुखाला कुंपण नाही. समोर डोंगर दिसला तर त्याच्या पायथ्याशी ‘प्रवेश बंद’ अशी पाटी नसते. दम असेपर्यंत तो चढता येतो आणि माथ्यावरून पंख पसरून खालच्या दरीत तरंगत उतरता येते. वाटेत फुले खुडावीत, मासे धरावेत, चूल दिसली तर स्वयंपाक करावा. पाऊस आला की अंग भिजते आणि भिजलेल्या शत्रूवर वीज सोडली तर ती अधिक झोंबते. निन्टेन्डो कंपनीचा २०१७चा एक झेल्डा-खेळ याच घाटाचा होता. त्याची ही नक्कल म्हणून २०१९मध्ये शांघायच्या प्रदर्शनात एका रागावलेल्या रसिकाने स्वतःचे खेळयंत्र सर्वांदेखत आपटून फोडले होते. ऋण उघड आहे, पण एकाने ओवी लिहिली म्हणून दुसऱ्याने लिहू नये असा दंडक वाङ्मयात नाही, तर येथे तरी का असावा? शिवाय या मंडळींनी त्यात आपले पुष्कळ घातले आहे. पहिल्या राष्ट्राचे संगीत लंडन फिलहार्मोनिक वाद्यवृंदाने वाजवले आहे. दुसरे राष्ट्र लियुए हे चीनच्या वळणावर बेतलेले. तेथे दर वर्षी आकाशकंदिलांचा उत्सव भरतो आणि हजारो दिवे बंदरावरून वर जातात. आपल्या गॅलरीत कंदील टांगणाऱ्या माणसाला ते पाहून परके वाटत नाही.

आणि कथा? ती तर आपल्या भाऊबीजेचीच म्हणा ना! एक भाऊ आणि एक बहीण, जुळी, जगाजगांतून भटकणारी. एक अनोळखी देवी त्यांची ताटातूट करते. खेळणाऱ्याने दोघांपैकी एक व्हायचे आणि दुसऱ्याला शोधत राष्ट्रामागून राष्ट्र पालथे घालायचे. पुढे गाठ पडते, पण हरवलेले भावंड परत यायला तयार नसते. ते आता शत्रुपक्षाचे पुढारीपण करत असते. बारा-तेरा वर्षांच्या मुलांना ही गुंतागुंत कळते आणि आवडते, हे पाहून मराठीच्या अध्यापकाला थोडा हेवा वाटतो.

भाषेच्या माणसाला तेथे आणखीही गमती सापडतात. पात्रांची शक्ती वाढवायला जे मणी लागतात त्यांची नावे ‘अग्निदस’, ‘वरुणद’, ‘वज्रद’, ‘वायुद’, ‘पृथिव’ अशी आहेत. शांघायच्या कारागिरांनी संस्कृताचा कोश समोर ठेवून हे कोरले, हे उघड आहे. २०२२मध्ये आलेल्या सुमेरू या राष्ट्रात तर विद्यापीठाच्या शाखांना ‘दर्शन’ म्हणतात, आणि त्या शाखांच्या ‘वाहुमान’, ‘हरवतात’, ‘अमुर्त’ या नावांत पारशांच्या अमेश स्पेंतांची नावे डोकावतात. इराण, अरबस्तान, मिसर आणि हिंदुस्थान एकाच हंडीत शिजवल्याचा दोष तेथे आहेच, आणि इतक्या उन्हाच्या देशात माणसे एवढी गोरी कशी, असे खेळणाऱ्यांनीच तेव्हा विचारले होते. त्यांचे विचारणे रास्त होते.

इतके सगळे फुकट. मुख्य कथा पै न भरता शेवटपर्यंत खेळता येते, सुरुवातीचे सोबतीही मोफत मिळतात. मग २०२० साली सुमारे १० कोटी डॉलर ओतून हा मुलूख उभा करणाऱ्यांनी पोट कशावर भरायचे?

सोबत्यांवर. भूमी फुकट आहे, माणसे नाहीत. आणि ती विकतही मिळत नाहीत, ती सोडतीत निघतात. जपानमध्ये नाणे टाकून कळ फिरवली की आत काय आहे ते न दिसणारी खेळण्याची डबी बाहेर पडते, त्या यंत्राच्या आवाजावरून अशा सोडतीला ‘गाचा’ म्हणतात. येथे तिला ‘विश’ असे गोड नाव आहे. कळ दाबली की आकाशातून तारा निखळतो. निळा असला तर बहुधा एखादे सामान्य हत्यार, जांभळा असला तर बरे काही, सोनेरी असला तर पंचतारांकित. एका सोडतीत सोनेरी निघण्याची मूळ शक्यता ०.६ टक्के. ९०व्या खेपेपर्यंत एक नक्की मिळते, पण ते हवे तेच असेल असे नाही. आपल्या मनातले पात्र निघेल की दुसरेच कोणी, हा पुन्हा जवळजवळ छापा-काट्याचा प्रश्न. पहिल्यांदा दुसरे निघाले तर पुढच्या वेळी मात्र हवे तेच मिळते. हे सगळे कंपनी छापून देते, हे तिच्या बाजूने सांगितले पाहिजे. शकुनीने तेवढेही केले नव्हते.

जुगाराची निंदा करायला मला या अंकातील जागा अडवण्याचे कारण नाही. ती आपल्याकडे पुरेशी झालेली आहे. मला खटकते ते निराळेच. लियुएच्या कथेत जोंगली नावाचा एक गृहस्थ भेटतो. तो मुळात त्या भूमीचा देव, करारांचा आणि व्यापाराचा अधिष्ठाता. त्या जगातले नाणेच त्याने पाडलेले. देवपण सोडून तो माणसांत राहायला येतो आणि बाजारात गेला की पैसे बरोबर घ्यायला हमखास विसरतो! इतके हृद्य पात्र एखाद्या चांगल्या कादंबरीकाराला सुचावे. तासन्‌तास तो आपल्याबरोबर हिंडतो, जुन्या आठवणी सांगतो, आणि आपला जीव जडला की कथा त्याला घेऊन निघून जाते. पुढे तो भेटतो तो सोडतीच्या फलकावर, तीनेक आठवड्यांपुरता. कादंबरीकारही माया लावतो, पण शेवटचे पान उलटल्यावर तो तिचे तिकीट काढायला लावत नाही. येथे लेखन जितके उत्तम, तितका गळ बळकट. वाईट खेळापासून मूल स्वतःच कंटाळून उठते. या खेळाचा गुण आणि दोष निरनिराळ्या पारड्यांत टाकताच येत नाहीत, ही खरी अडचण आहे.

पैशाचा व्यवहारही सरळ नाही. रुपयांचे ‘जेनेसिस क्रिस्टल’, क्रिस्टलचे ‘प्रिमोजेम’, त्याची ‘इंटरट्वाइन्ड फेट’, आणि मग एक सोडत. चौथ्या पायरीवर उभे राहून पहिल्या पायरीवरचा रुपया दिसेनासा होतो. जानेवारी २०२५मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने नेमक्या याच गोष्टीवर बोट ठेवले. मुले आणि किशोर यांची दिशाभूल झाल्याचा आरोप त्याने केला. खेळ चालवणाऱ्या कंपनीने २ कोटी डॉलर भरण्याची आणि १६ वर्षांखालच्यांना आईबापांच्या संमतीवाचून अशा सोडती न विकण्याची तडजोड मान्य केली.

पैसे न भरणाऱ्याकडून वेळ घेतला जातो. रोज चार किरकोळ कामे, कोणाचे मांजर शोध, कोणाचे पत्र पोचव, केली की ६० प्रिमोजेम. एका सोडतीला लागतात १६०. बक्षिसे उचलायला ‘रेझिन’ म्हणजे राळ लागते. ती दर ८ मिनिटांना एक याप्रमाणे झिरपते आणि २००वर थांबते. थांबली की वाया जाते, म्हणून मूल दिवसातून एकदा तरी भांडे रिकामे करायला येणारच. पैसे भरून महिन्याचा एक पासही घेता येतो, पण त्यातली रोजची ९० रत्ने त्या त्या दिवशी हजेरी लावली तरच हाती पडतात. दिवस चुकला की बुडाली. आम्ही महाविद्यालयात ७५ टक्के हजेरीसाठी सूचनाफलक रंगवतो, आणि येथे विद्यार्थी पदरचे पैसे मोडून शंभर टक्के हजेरी देतात!

गंमत अशी की या खेळाच्या लेखकांना हे दुखणे ठाऊक असावे. सुमेरूच्या कथेत एका उत्सवाचा दिवस पुन्हा पुन्हा उगवतो. लोक तीच मिठाई घेतात, तेच बोलतात, आणि त्यांना त्याचा पत्ताही नसतो, कारण विद्यापीठातले पंडित कानातल्या एका यंत्राद्वारे त्यांची स्वप्ने काढून घेत असतात. इतकी बोचरी गोष्ट लिहिणाऱ्यांनीच रोजच्या चार कामांची यादी केली आहे.

गेल्या भाऊबीजेला आमच्या अकरावीतल्या कन्येला भावांकडून बरी ओवाळणी मिळाली. “बाबा, जोंगली पुढच्या वेळी आला की यातले थोडे घालू का?” तिने विचारले. मी नाही म्हटले नाही. हातात कागद दिला आणि दैव अगदी फिरले तर किती सोडती लागतील ते काढायला सांगितले. तिने दोन वेळा ९० मांडले, १६०ने गुणले, २८,८०० आले. नुसत्या रोजच्या कामांनी ते जमवायला ४८० दिवस. “पेट्यांतून आणि सणांना बरीच मिळतात हो, एवढे दिवस लागत नाहीत,” ती म्हणाली, आणि ते खरेही आहे. मग तिने मोबाइलवर दुकान उघडून ओवाळणीत किती सोडती बसतात ते पाहिले. बराच वेळ पेन्सिल चालली.

“पुरायची नाही,” शेवटी ती म्हणाली. “आणि पुरली तरी... तसा कथेत तो आहेच की.” मग कागदाची घडी करून ती लियुएच्या डोंगरावर कसलीशी फुले खुडायला निघून गेली. ओवाळणीचे पाकीट अजून कपाटात आहे. तिच्या आईने त्यावर इस्त्रीच्या साड्या ठेवल्या आहेत.