मृतजन्माची नोंद

९ जानेवारी २०२१ रोजीं भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयांतील आगींत दहा नवजात बालकें दगावलीं, तेव्हां सारा देश हळहळला. परंतु तुमसर तालुक्यांतील बपेऱ्यासारख्या गांवीं एखादें मूल जन्मतांच गेलें, तर त्याची दाद कोण घेतो? 'देवाची इच्छा' म्हणून मूठमाती दिली कीं विषय संपला!

हें औदासीन्य आम्हांस मान्य नाहीं. १९६९ च्या जन्ममृत्यु नोंदणी कायद्यानें मृतजन्माचीही खबर निबंधकास देणें बंधनकारक आहे. मूल क्षणभर जरी जगलें, तरी त्याचा जन्म व मृत्यु अशा दोन नोंदी पाहिजेत. हा शब्दच्छल नव्हे. मूल प्रसूतीपूर्वीं पोटांतच गेलें, तर उणीव गर्भारपणांतील देखरेखींत शोधावी लागते. प्रसूतिसमयीं गेलें, तर त्या वेळच्या मदतींत. आणि जन्मल्यावर गेलें, तर बाळाच्या शुश्रूषेंत. नोंदच चुकीची, तर उपाय बरोबर कसा ठरणार?

गडचिरोलींत डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनीं ३९ गांवांतील अशा मृत्यूंची मोजदाद केली, कारणें शोधलीं, गांवच्याच स्त्रियांना शिकविलें आणि नवजात मृत्यूंचें प्रमाण ६२ टक्क्यांनीं उतरविलें. १९९९ सालीं 'लॅन्सेट'नें तें जगापुढें मांडलें.

आमचे व्यापारी वाचक बुडीत रकमाही खतावणींत मांडतात. तोटा लपविणारी पेढी टिकत नाहीं, हें त्यांस सांगणें नको. मग गांवानेंच आपला तोटा कां लपवावा? आईस दोष न देतां, घरच्यांनीं खबर द्यावी. आणि दरसाल ग्रामसभेंत हे आंकडे कारणांसह वाचले जावेत, ही मागणी बपेऱ्यानेंच प्रथम करावी.