घोड्याला गणित येत होते का?

आम्हा पदार्थविज्ञानवाल्यांना एक खोड असते. मानसशास्त्राचे नाव निघाले की आम्ही गालातल्या गालात हसतो. ‘मनाला कुठे फूटपट्टी लावता येते?’ असे मीही म्हणत असे. आता माझे मत बदलले आहे. मोजताना माणूस कुठे फसतो हे मानसशास्त्रज्ञांनी आमच्यापेक्षा बारकाईने पाहिले आहे, आणि शाळेच्या प्रयोगशाळेने त्यांच्याकडून ते शिकले पाहिजे.

कारण सांगतो. काही वर्षांपूर्वी आमच्या प्रयोगशाळेतले एक स्टॉपवॉच दुरुस्तीला गेले. ते मिनिटाला दोन सेकंद मागे पडत होते. त्यावर लंबकाचा प्रयोग केला तर गुरुत्वत्वरणाची किंमत १०४० च्या पुढे यायला हवी. मी त्या सत्रातल्या वह्या काढल्या. प्रत्येक वहीत ९७८ ते ९८२ सेंटिमीटर प्रतिसेकंद प्रतिसेकंद! सगळीच मुले लबाड होती का? थोडी असतील. बाकीच्यांनी न जुळणारे वाचन ‘चुकले’ म्हणून पुन्हा घेतले आणि जुळणारे तपासून न पाहता ठेवले. विद्यार्थी असताना मीही हेच केले होते, आणि अगदी प्रामाणिकपणे.

आता बर्लिनला चला. तेथे व्हिल्हेल्म फॉन ओस्टेन या निवृत्त शिक्षकाचा हान्स नावाचा घोडा बेरीज-वजाबाकीची उत्तरे खूर आपटून देई. १९०४ साली मानसशास्त्रज्ञ कार्ल श्टुम्फ यांच्या समितीने तपास केला. लबाडी कुठेच सापडली नाही. मालक खेळाचे पैसेही घेत नसे. मग श्टुम्फ यांचा विद्यार्थी ऑस्कर फुंग्स्ट याने एक साधी गोष्ट केली. विचारणाऱ्यालाच उत्तर माहीत नसेल अशी योजना केली. दोघांनी घोड्याच्या कानात एकेक आकडा सांगायचा, एकाचा दुसऱ्याला कळू द्यायचा नाही, आणि बेरीज विचारायची. हान्सचे गणित संपले! विचारणारा दिसू नये म्हणून झापडे लावली, तेव्हाही तो चुकू लागला. बरोबर संख्या आली की विचारणाऱ्याचे डोके नकळत किंचित वर होई, आणि तेवढ्यावर घोडा थांबे. गंमत अशी की हे रहस्य कळल्यावरही फुंग्स्टला स्वतःची ती हालचाल पुरती रोखता येईना. फॉन ओस्टेन यांना मात्र हा निष्कर्ष कधीच पटला नाही.

तुम्ही म्हणाल, घोडा माणसाकडे पाहतो, लंबक थोडाच पाहतो? खरे आहे. पण लंबकाकडे पाहणारा माणूसच असतो. १९०३ मध्ये फ्रान्समधील नान्सी येथील नामवंत पदार्थवैज्ञानिक ब्लाँद्लो यांनी ‘एन किरण’ शोधल्याचे जाहीर केले. रॉबर्ट वुड हे अमेरिकन शास्त्रज्ञ १९०४ साली त्यांच्या प्रयोगशाळेत गेले आणि अंधारात त्यांनी उपकरणातला लोलक गुपचूप काढून घेतला. तरी वाचने पूर्वीसारखीच येत राहिली. तो किरण कुठेच नव्हता. म्हणजे हान्सचा तपास आणि हा प्रकार एकाच वर्षीचे. पण फुंग्स्टची युक्ती मानसशास्त्राने नियम म्हणून घेतली. १९६३ साली रोझेन्थाल आणि फोड यांनी बारा विद्यार्थ्यांना सारखेच उंदीर दिले. निम्म्यांना सांगितले की तुमचे हुशार जातीचे, निम्म्यांना मंद जातीचे. ‘हुशार’ उंदरांचीच प्रगती अधिक दिसली. औषधाच्या चाचणीत खरी गोळी कोणाला आणि खोटी कोणाला, हे रोग्यालाही आणि तपासणाऱ्या डॉक्टरलाही कळू देत नाहीत, ते याच कारणाने.

आणि आपण? आपण प्रयोगाच्या आधीच फळ्यावर ‘९८०’ लिहितो आणि उत्तर जुळले की गुण देतो. शिक्षक बंधुभगिनींना माझे हे गाऱ्हाणे आहे. बाहेरचे परीक्षक उत्तर पाहतात, ही अडचण मला माहीत आहे. पण वर्षभराच्या सरावात तरी तसे नको. कागदात घट्ट गुंडाळलेला धातूचा ठोकळा द्या, दोरीला टांगून त्याचे वजन आणि पाण्यातली घट मोजायला सांगा. (कागदावर मेण चढवा म्हणजे भिजणार नाही.) मोजणारा एक आणि गणित करणारा दुसरा असू द्या. टाकलेले वाचनही वहीत राहू द्या, त्यावर फक्त एक रेघ मारायची, आणि का टाकले ते शेजारी लिहायचे. गुण त्या नोंदींना द्या. खरी घनता बंद पाकिटात ठेवा, आणि सगळ्या वह्यांवर सही झाल्यावरच ते पाकीट उघडा.