घरी मराठी नाही, म्हणून?

माझा भाचा यंदा नववीत आहे. मराठी माध्यमात. त्याच्या गृहपाठाच्या तक्रारी मी दोन वर्षं फोनवर ऐकत होतो. "भाईजान, दोन-दोन तास वही घेऊन बसतो आणि चार ओळी लिहितो," असं बहीण सांगायची. मी मामा, त्यामुळे सल्ला द्यायला मोकळा. मोबाइल काढून घे, ट्यूशन लाव. तिनं दोन्ही केलं. ट्यूशनचे महिन्याला आठशे रुपये जात राहिले, वही तशीच राहिली.

ती वही मी पहिल्यांदा पाहिली ती सुट्टीत, आठवीच्या वह्या रद्दीला निघाल्या तेव्हा. एकाच पानावर 'प्रदूषण' तीन तऱ्हेनं लिहिलेलं. जोडाक्षरं फुटलेली, वेलांट्या इकडच्या तिकडे, फळ्यावरून उतरवताना मधल्या ओळीच्या ओळी सुटलेल्या. खाली लाल शाईत दर आठवड्याला एकच शेरा: अपूर्ण. आळशी पोरगा इतकी खाडाखोड करत नाही. तो लिहीतच नाही.

शाळा सुरू झाल्यावर वर्गशिक्षिकांना भेटलो. बाई चांगल्या आहेत, हे मुद्दाम सांगतो. वर्गात साठच्या वर मुलं आहेत. पण त्यांनी वही न उघडताच सांगितलं, "तुमच्या घरी मराठी बोलत नाहीत ना, म्हणून होतं असं." घरी आम्ही दखनी बोलतो, हे खरं. पण हाच पोरगा गल्लीतल्या क्रिकेट सामन्यांची मराठीत अशी कॉमेंट्री करतो की चहावाला गाडा सोडून ऐकत उभा राहतो. त्याची थोरली बहीण याच घरातून, याच शाळेतून चांगल्या गुणांनी दहावी झाली. तिच्या वेळी घरी काय वेगळी भाषा होती?

घरी येऊन हे सांगितलं तर दाजी म्हणाले, "आपल्या पोरांकडे तिथं कोण लक्ष देतं? दहावी झाली की गॅरेजला लावतो." म्हणजे शाळेकडे एक तयार कारण होतं आणि आमच्याकडेही एक. दोन्हींत थोडं तथ्य असेलही. पण दोन्ही कारणं अशी, की ती मानली की पोराकडे पाहायची गरजच उरत नाही.

पाहिलं होतं ते मकतबच्या हाफिजसाहेबांनी. अम्मपाऱ्यातल्या बऱ्याच सूरा त्याला तोंडपाठ आहेत. हाफिजसाहेब म्हणाले, "याद बहुत जल्दी करता है. लेकिन किताब में नहीं देखता, मेरे मुँह की तरफ देखता है." बोट ठेवून वाच म्हटलं की अडतो, नुक्ते चुकतात. मी तिथंच थांबलो. उजवीकडून वाचायच्या लिपीतही अडतो आणि डावीकडून वाचायच्या लिपीतही, तर अडचण मराठीची कशी असेल? आणि कानानं ऐकलेलं इतकं टिकत असेल, तर बुद्धीची तरी कशी असेल?

वाचन-लेखनाच्या या अडचणीला अध्ययन अक्षमता म्हणतात. डिस्लेक्सिया हा तिचा एक प्रकार. २००७ साली 'तारे जमीन पर' आला तेव्हा आपण सगळे थिएटरात रडलो आणि घरी येऊन पोरांना पुन्हा "ढ" म्हणू लागलो. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत ही अक्षमता आहे. ती लवकर ओळखणं आणि त्याप्रमाणे शिकवण्यात बदल करणं ही जबाबदारी सरकारी अनुदान किंवा मान्यता असलेल्या शाळांवर कलम १६ टाकतं. परीक्षेत जादा वेळ, लेखनिक, दुसऱ्या-तिसऱ्या भाषेतून सूट या गोष्टी कलम १७ मध्ये नावानिशी आहेत. म्हणजे आपण शाळेकडे मेहरबानी मागत नसतो.

पण मागावं लागतं, आणि लेखी. तोंडी बोललो तोवर सगळे "बघू" म्हणाले. मुख्याध्यापकांच्या नावे अर्ज केला, वहीच्या पानांच्या झेरॉक्स जोडल्या, दुसऱ्या प्रतीवर पोच घेतली. मग हालचाल झाली. आधी डोळे आणि कान तपासायला सांगतात, ते योग्यच आहे. मग सरकारी रुग्णालयात बुद्ध्यांक चाचणी, मग वाचन, लेखन, गणित यांची वेगळी चाचणी. आम्हाला पाच खेपा पडल्या. दाजींचे पाच दिवसांचे रोज बुडाले. ज्याच्या घरी मामा नाही त्याचं काय होत असेल, हा विचार प्रत्येक खेपेला आला.

चाचणी मराठीतून झाली, म्हणून निभावलं. राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्रानं लहान वर्गांसाठी 'डाली' ही चाचणी तयार केली ती सुरुवातीला हिंदी, मराठी, कन्नड आणि इंग्रजीत. उर्दू माध्यमातल्या मुलाला मुळात न शिकलेल्या भाषेत तपासलं तर काय निघणार? उर्दू शाळांच्या संघटनांनी या प्रश्नावर एखादं निवेदन दिलेलं माझ्या तरी पाहण्यात नाही.

आपल्या जमातीचे गुणगौरव समारंभ दर जूनमध्ये होतात. मीही दोनदा स्टेजवर बसलो आहे. भाषण पहिल्या आयतीपासून सुरू होतं आणि ८५ टक्क्यांच्या वरच्यांना ट्रॉफी देऊन संपतं. त्या मुलांना शाबासकी मिळावीच. पण नववीत अडकून गळणाऱ्या पोराचं नाव कोणत्याच यादीत नसतं. ट्रॉफ्यांच्या खर्चातून महिन्यातून एकदा कुणी जाणतं माणूस मशिदीच्या हॉलमध्ये बसवलं, पालकांना अर्ज लिहून दिला, रुग्णालयात सोबत गेलं, तर ते मला जास्त मोलाचं वाटतं. आयांनाही बोलवावं लागेल. वही घेऊन रात्री जागते ती आई, आणि शाळेत जायला घाबरते तीही तीच.

प्रमाणपत्र आलं. दहावीसाठीचा अर्ज शाळेमार्फतच विभागीय मंडळाकडे जातो. तासाला २० मिनिटं जादा मिळतील, लेखनिक हवा तर खालच्या वर्गातला विद्यार्थी शोधावा लागेल. तोवर बाईंनी स्वतःहून एक केलं: इतिहासाचा गृहपाठ त्या त्याच्याकडून तोंडी घेतात. पहिल्या दिवशी तो इतका बोलला की घंटा झाली.

दाजींनी अजून भावांना काही सांगितलेलं नाही. थोरलीचं लग्न ठरायचंय, लोक काय समजतील, म्हणतात. कुणी विचारलं तर चष्म्याचा नंबर काढायला गेलो होतो असं सांगतात. मी वाद घालत नाही. परवा मात्र त्यांनी मला हळूच विचारलं, "तुम्ही पण लहानपणी असंच अडकायचात का? मी अजूनही पेपरातली मोठी अक्षरं तेवढी वाचतो."