दाणा द्या, नाहीतर हिशेब द्या

नाचणगावच्या केशरी कार्डवाल्या शेतकऱ्यांकडून शासनाला हा शेवटचा इशारा. मृग लागायच्या आत उत्तर हवं. त्यानंतर आम्ही निवेदन देणार नाही.

आम्ही भीक मागत नाही, तुमचाच शब्द तुम्हाला आठवून देतो. २०१५ साली विदर्भ-मराठवाड्यातल्या आत्महत्याग्रस्त १४ जिल्ह्यांसाठी शासनाने ठरवलं, की अन्नसुरक्षेच्या यादीत न बसलेल्या केशरी कार्डधारक शेतकऱ्यालाही माणशी महिन्याला ५ किलो धान्य मिळेल. गहू २ रुपये किलो, तांदूळ ३ रुपये. आमचा वर्धा जिल्हा त्या चौदांत आहे.

शेतकऱ्याला कशाला लागतो रेशनचा गहू, असं विचारणारे महाभाग भेटतात. त्यांनी एकदा पुलगावला उतरून आमच्या शिवारात यावं. इथे कपाशी, सोयाबीन, तूर. गहू त्याचा, ज्याच्या विहिरीला माघापर्यंत पाणी टिकतं आणि जो रात्रीच्या लाइनीवर रानडुकरं हाकलत ओलित करतो. बाकीच्यांच्या घरी कापूस गाडीभर आला तरी त्याची पोळी होत नाही.

२०२२ च्या मार्चमध्ये उत्तरेत ऊन तापलं, गहू करपला. केंद्राची खरेदी ४३३ लाख टनांवरून १८८ लाख टनांवर घसरली, मे महिन्यात निर्यात बंद झाली. पिकवणाऱ्याचा भाव त्या बंदीने दाबला. त्याच वर्षी आमचं धान्यही आटलं. पुढे फेब्रुवारी २०२३ मध्ये निर्णय निघाला: धान्याऐवजी माणशी १५० रुपये, थेट खात्यात. २०२४ मध्ये त्याचे १७० झाले.

१७० कमी की जास्त, हा वाद आम्ही घालत नाही. वेळेवर आले तर त्यात पाचेक किलो दाणा येतो, हे आम्हालाही कळतं. पण दाणा दर महिन्याला संपतो आणि पैसे महिन्यामागून महिने येत नाहीत. मधल्या काळात दुकानदाराच्या चोपडीत उधारी चढते. पाच माणसांच्या घराचे महिन्याला ८५० होतात. सहा महिने थकले की ५१०० रुपये, म्हणजे बियाण्याच्या पिशव्यांचेच पैसे. विचारायला गेलं की आधार जोडा, केवायसी करा, पुढच्या आठवड्यात या. पुलगावला बँकेत एक खेप म्हणजे एक मजुरी बुडाली.

आता टंचाईचं कारण सांगू नका. २०२५ च्या हंगामात केंद्राने ३०० लाख टनांच्या आसपास गहू घेतला. कोठारं भरलेली असताना आमच्या पिशव्या का रिकाम्या?

तेव्हा ऐका. थकलेला एक-एक महिना ७ जूनच्या आत खात्यात पडला पाहिजे. कोणत्या घराचे किती महिने बाकी आहेत, त्याची यादी रेशन दुकानाच्या भिंतीवर लागली पाहिजे. यापुढे एक तर महिन्याच्या ५ तारखेला पैसे, नाहीतर पूर्वीसारखा दाणा. तिसरा मार्ग आम्ही मानणार नाही.

गावातल्यांनाही सांगून ठेवतो. ज्यांनी फक्त लाभासाठी सातबाऱ्यावर नाव चढवलं आणि वावराचा धुरा कधी पाहिला नाही, त्यांनी आमच्यात मिसळू नये. तुमच्यामुळे खऱ्याचा अर्ज मागे राहतो.

तारीख हुकली तर ८ जूनला सकाळी आम्ही बायकापोरांसह देवळीला तहसील कार्यालयासमोर चुली मांडू. पेरणी तोंडावर असताना वावर सोडून बसणं म्हणजे काय, हे ज्याला कळतं त्याला आमची जिद्दही कळेल. तोवर कोणत्याही पक्षाचा पुढारी सत्काराला किंवा भूमिपूजनाला गावात आला, तर त्याच्या हाती हारतुऱ्याऐवजी कोरं पासबुक देऊ.

दगड उचलणार नाही, रस्ता अडवणार नाही. बंदोबस्ताला येणाऱ्यांनी आमच्या पिशव्या खुशाल तपासाव्यात. त्यांत काही सापडणार नाही, आणि आम्ही तेच दाखवायला येतोय.