घरची भाषा

आमच्या सोलापुरात ओसरीवर मराठी, माजघरात तेलुगू आणि शेजारी कन्नड, असा कितीतरी घरांचा संसार. अशा घरातले पोर तीन वर्षांचे होऊनही बोलेना, की पहिला संशय भाषांवर. "तेलुगू बंद करा, पोर गोंधळते," असे कोणीतरी सांगतोच. मी मराठीचा मास्तर. मला खरे तर आनंद वाटायला हवा! पण हा सल्ला चुकीचा आहे. दोन भाषांमुळे स्वमग्नता येत नाही, वाचाही अडत नाही. स्वमग्न मुलेदेखील दोन भाषा शिकू शकतात, असे संशोधन सांगते. उलट आजीला मोडक्यातोडक्या मराठीत बोलायला लावले, की ती नातवाशी बोलणेच टाकते. ज्याला मुळात माणसे जोडणे अवघड, त्याचे एक हक्काचे माणूस गेले!

मात्र "याचा बापही उशिराच बोलला," म्हणून स्वस्थ बसू नये. आधी कान तपासावेत, मग वाचा-उपचारतज्ज्ञ गाठावा. २०१६ च्या कायद्याने स्वमग्नता दिव्यांगत्वात गणली आहे. दाखला काढण्यात कमीपणा कसला? 'निरामय' योजनेचा एक लाखापर्यंतचा आरोग्यविमा त्यावरच मिळतो. आणि तज्ज्ञांनी शिकवलेले खेळ आजीने खुशाल तेलुगूतून खेळावेत.