विश्लेषण : कॅल्क्युलसच्या वर्गात हजेरी ७५ टक्के, पण उसाच्या फडाचे काय?

पदवीच्या पहिल्या वर्षातील कॅल्क्युलस हा विषय अनेकांच्या विज्ञान शिक्षणाचा उंबरठा ठरतो. तो ओलांडला तर पुढे भौतिकशास्त्र, संख्याशास्त्र, संगणकशास्त्र, अर्थशास्त्र असे बरेच मार्ग खुले होतात. अडखळले तर विषय बदलतो, कधी शिक्षणच सुटते. बीडसारख्या जिल्ह्यात अडखळण्याचे कारण दर वेळी गणितच असते असे नाही. हजेरी, चाचण्या, गृहपाठ यांचे नियम कोणाला डोळ्यांसमोर ठेवून केले जातात, हा प्रश्न म्हणूनच महत्त्वाचा आहे.

अभ्यासक्रम किती तासांचा असतो?

बीड जिल्ह्यातील पदवी महाविद्यालये छत्रपती संभाजीनगर येथील डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाशी संलग्न आहेत. राज्यातील संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ पासून नवे राष्ट्रीय शैक्षणिक धोरण लागू झाले आणि सगळा हिशेब श्रेयांकांत, म्हणजे क्रेडिटमध्ये होऊ लागला. लेखी विषयाचा एक श्रेयांक म्हणजे वर्गातील १५ तास. समजा, कॅल्क्युलसचा विषय दोन श्रेयांकांचा आहे. म्हणजे सत्रात ३० तास, १५ आठवड्यांत आठवड्याला दोन तास.

राष्ट्रीय श्रेयांक आराखड्यात एका श्रेयांकामागे एकूण ३० तासांचे शिक्षण धरलेले आहे. वर्गात बसलेल्या प्रत्येक तासामागे आणखी एक तास स्वतःचा सराव अपेक्षित असतो. ही अपेक्षा विद्यार्थ्यांना सहसा कोणी सांगत नाही. ‘सर शिकवतील, आपण परीक्षेआधी बघू’ हा बारावीतला हिशेब इथे चुकतो.

बारावीत कॅल्क्युलस होतेच, मग अडचण कुठे?

अवकलन आणि समाकलन बारावीत असते. पण विद्यार्थ्याचे लक्ष बहुतेक वेळा सीईटीवर असते. त्या परीक्षेत ९० मिनिटांत गणिताचे ५० प्रश्न सोडवायचे, चार पर्यायांतून एक निवडायचा, चुकले तरी गुण कापले जात नाहीत. तिथे वेग कामाला येतो. विद्यापीठाच्या कॅल्क्युलसमध्ये विचारले जाते ते ‘का?’. सीमा म्हणजे नेमके काय, फलन कुठे तुटते, प्रमेयाची अट काढून टाकली तर काय बिघडते, हे सगळे पायऱ्यांसह लिहावे लागते.

त्यात भाषेची भर. दहावीपर्यंत मराठीत शिकलेला मुलगा अकरावीत विज्ञानाला जातो तेव्हा पुस्तक इंग्रजी होते. वर्गात समजावणे मराठीत, फळ्यावरचे लिखाण इंग्रजीत आणि उत्तरपत्रिकाही इंग्रजीत. ज्याला युक्तिवाद कळतो, त्यालाही तो लिहिता येतोच असे नाही.

हा विषय मराठी मातीला परका आहे का?

अजिबात नाही. भास्कराचार्यांनी ११५० मध्ये ‘सिद्धांतशिरोमणी’ लिहिताना ग्रहाची ‘तात्कालिक गती’, म्हणजे त्या क्षणीची गती, काढण्याची रीत दिली. अवकलनाची मूळ कल्पना तीच. त्यांनी आपले गाव ‘विज्जडविड’ असे सांगितले आहे. काही अभ्यासक ते बीड मानतात, काही ते अन्यत्र शोधतात. एकोणिसाव्या शतकात ‘दर्पण’कार बाळशास्त्री जांभेकर यांनी ‘शून्यलब्धी’ या नावाने हे गणित मराठीत आणले.

कल्पनाही रोजच्या आहेत. माजलगाव धरणात या क्षणी पाणी किती वेगाने येते आहे, हा अवकलनाचा प्रश्न. रात्रभरात एकूण किती पाणी जमले, हा समाकलनाचा. येव्याचा वेग कमी-जास्त होत असतानाही जमलेले पाणी अचूक मोजता येते, हेच या विषयाचे बळ.

७५ टक्क्यांचा नियम कोणाला अडवतो?

हजेरीची सर्वसाधारण अट ७५ टक्के असते. ३० तासांच्या विषयात याचा अर्थ किमान २३ तास हजर राहणे, म्हणजे जास्तीत जास्त सात तास चुकवता येतात. आठवड्याला दोन तास धरले तर चार आठवड्यांची गैरहजेरी आठ तासांची होते. तेवढ्यावर विद्यार्थी अपात्र ठरतो.

आता बीडचे वेळापत्रक बघा. दिवाळीच्या आगेमागे ऊसतोड मजुरांच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्र आणि कर्नाटकाकडे निघतात आणि मार्च-एप्रिलपर्यंत परततात. पदवीचे दुसरे सत्र जवळजवळ संपूर्ण याच काळात येते. घरचे कोयता घेऊन गेले की मागे राहिलेल्या थोरल्या मुलीवर धाकटी भावंडे, म्हातारी आजी आणि जनावरे पडतात. उचल फिटत नसेल तर मुलालाही महिनाभर फडावर जावे लागते. सात तासांची मुभा अशा घराला पुरणारी नसते.

मग नियम सैल करायचे का?

‘सवलती दिल्या की दर्जा घसरतो’ हा आक्षेप रास्त आहे आणि त्याला उत्तर दिले पाहिजे. सवलत दोन प्रकारची असते. एक, अभ्यासक्रम कमी करणे, प्रश्न सोपे करणे, गुण वाढवून देणे. याने नुकसान त्याच विद्यार्थ्याचे होते, कारण पुढच्या सत्रात त्याला तेच गणित लागते. दुसरी सवलत वेळेची. तेच प्रमेय, तेच उदाहरण, तीच काठिण्यपातळी. फक्त चाचणी देण्याची दुसरी तारीख. हिने दर्जा घसरत नाही.

श्रेयांक बँकेत जमा झालेले श्रेयांक साधारण सात वर्षांपर्यंत वापरता येतात. शिक्षण थांबवून पुन्हा सुरू करता यावे म्हणूनच ही सोय आहे. पदवीसाठी सात वर्षांचा धीर धरणारी व्यवस्था एका चाचणीसाठी सात दिवस थांबू शकत नसेल, तर दोष विद्यार्थ्याचा नाही.

महाविद्यालये काय करू शकतात?

यातल्या बहुतेक गोष्टींना नवा शासन निर्णय लागत नाही.

पहिल्या दिवशी एका पानाचे, मराठीतील नियमपत्रक द्यावे. हजेरी, चाचण्यांच्या तारखा, गुणांची विभागणी, गैरहजर राहिल्यास काय, हे सगळे त्यात असावे. मोबाइलवर त्याचा फोटो राहिला तर घरच्यांनाही दाखवता येतो.

पहिल्या दोन आठवड्यांत बीजगणित, त्रिकोणमिती आणि आलेख यांची बिनगुणांची तपासणी चाचणी घ्यावी. कॅल्क्युलसमध्ये नापास होणारे अनेक जण खरे तर अपूर्णांक आणि सूत्रांतच अडकलेले असतात.

तीन अंतर्गत चाचण्यांपैकी उत्तम दोन धराव्यात. एक चुकली तर दाखला, अर्ज, विनवणी काहीच लागत नाही. उत्तराबरोबर पायऱ्यांनाही गुण द्यावेत आणि तपासलेल्या उत्तरपत्रिका आठवड्यात परत कराव्यात. चूक कुठे झाली हे सत्र संपल्यावर कळून उपयोग नाही.

गृहपाठाचे काय? आज फोनवरील ॲप समाकलनाचे उत्तर पायऱ्यांसह देते. बंदी घालून ते थांबणार नाही. गृहपाठाचे गुण कमी ठेवून, त्यातील एखादी पायरी दोन मिनिटांत तोंडी समजावून सांगायला लावणे हा साधा उपाय आहे.

अडथळा कुठे आहे?

अडथळा मनुष्यबळाचा आहे. अनेक ठिकाणी हे विषय तासिका तत्त्वावरील प्राध्यापक शिकवतात. त्यांचे मानधन घेतलेल्या तासांवर ठरते. जादा चाचणी काढणे, तपासणे, शंका सोडवणे हे काम त्या हिशेबात येत नाही. ते त्यांच्या चांगुलपणावर सोडून धोरण उभे राहणार नाही. त्या तासांचेही मानधन मिळाले पाहिजे.

विद्यार्थ्यांची बाजूही कोरी नाही. वर्गाच्या तासाइतकाच सराव घरी करणे, अडले तर त्याच आठवड्यात विचारणे आणि गावाला जावे लागणार असेल तर आधी कळवणे, एवढे त्यांच्याकडून मागणे अवास्तव नाही. नियम आधी माहीत असतील तरच ते पाळण्याची अपेक्षा ठेवता येते. दुसऱ्या सत्राचे वेळापत्रक लावताना टोळ्या निघण्याची आणि परतण्याची वेळ समोर ठेवली, तरी जिल्ह्यातल्या कितीतरी मुलामुलींचे कॅल्क्युलस अर्ध्यावर सुटणार नाही.